अंतोबा हळबे पडद्याकडे पाठ करून बैसले त्याची हकीकत

श्रीगजवदन आणि श्रीशारदा उभयतांनी सांगणाराची जिव्हा आणि ऐकणाराचे कान सांभाळावे, आणि हसणाराचे दातांस कोणाची दृष्ट लागो न द्यावी, इतके मागोन मजकूर आरंभिला ऐसा की, शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, माघ मासी, एके राज्यात दोन पडदे होते. थोरला पडदा राजवाड्यासमोर, त्यावर लढाया, विवाह, घोडे आणि गाणी ऐसे पट चालत, आणि त्याची देखरेख दिवाण येसाजीराव यांजकडे. धाकटा पडदा जुन्या पीलखान्यात, जेथे पूर्वी हत्ती बांधीत, आणि वास अद्याप थोडका राहिला होता. तेथे तऱ्हेवाईक हास्यपट दाखवीत. त्यात कोणी केळीच्या सालीवरून पडत नसे, कोणी कोणास थप्पड मारीत नसे, पुरुष लुगडे नेसोन नाचत नसे. माणसे बैसत, एकमेकांकडे पाहत, आणि उठोन जात. आणि पाहणारास हसू तेथल्या तेथे न येता कित्येकदा घरी जेवता जेवता येई आणि घरची माणसे घाबरी होत.

या धाकट्या पडद्याचे ठायी अंतोबा हळबे यांचा जीव जडला होता. अंतोबा म्हणजे हुजूरचे पानदानाचे कारभारी, चाळिशी उलटलेली, स्वभाव भिडस्त, परंतु पटाची गोष्ट निघाली की भीड कोठे पळे ते त्यांसही न कळे. त्यांचा सर्वांत लाडका तो कपाटाचा पट. त्यात इतकेच की एक गृहस्थ मोठे लाकडी कपाट विकत आणितो, आणि ते घराचे दारातून आत जात नाही, मग तो ते गल्लीतच ठेवितो आणि शेजारी स्टूल टाकोन राखण करितो, आणि शेजारपाजारचे लोक हळूहळू आपले कपडे त्यात ठेवू लागतात, आणि एक बकरी येते, आणि कपाटाकडे पाहते, पुष्कळ वेळ पाहते, मग त्या गृहस्थाकडे पाहते, तेही पुष्कळ वेळ, आणि निघोन जाते. अंतोबांनी हे प्रथम पाहिले तेव्हां विडा ठसक्यासरशी नाकात गेला, आणि चुना लागोन डोळे दोन दिवस लाल होते, तरी दुसरे खेळास पुन्हा हजर. तेव्हांपासोन त्या पटाचा खेळ त्यांनी चुकविला नाही.

त्या राज्याची चाल ऐसी की खेळ सुटला म्हणजे पाहणारांनी कारंज्यापाशी जमोन आपापले मत मोठ्याने बोलावे आणि पटास पाचांत किती चांदण्या ते सांगावे. अंतोबांनी कपाटास पाच चांदण्या दिधल्या. त्यावर रखमाजी शिलेदार म्हणाले, "पाचांत काय होते? मी घोड्यावरून पडलो तेव्हां बरगड्या इतक्या दुखल्या नव्हत्या!" आणि नीळकंठशास्त्री म्हणाले, "त्या बकरीचे दृष्टीत जे आहे ते आमचे चार ग्रंथांत नाही." मग अंतोबांस चेव आला आणि ते बोलिले की, "जो हा पट पाहोन हसणार नाही त्याचे नाडीवर वैद्याने हात ठेवोन पाहावा, तो मनुष्य आहे की गेला!" आणि हे बोलणे कारंज्यापासोन बाजारात गेले, आणि बाजारात त्यास पाय फुटले, आणि कोणी सांगे की दोन असामी हसता हसता आडव्या जाहल्या, आणि कोणी सांगे की एक तीन वर्षांचा अबोला त्या पटाने सुटला, आणि ऐसे वाढत वाढत ते हुजूरचे कानी गेले.

हे ऐकोन दिवाण येसाजीराव संतोष पावले, कारण धाकट्या पडद्याचे कापड उत्तम पांढरे, रुंद आणि बिनजोडाचे, आणि त्यांस ते उन्हाळ्याचे डेऱ्यास अस्तर म्हणोन बहुत दिवस हवे होते. त्यांनी हुजूर अर्ज केला की, "महाराजांनी हा पट स्वतः पाहावा. हसू आले तर पडदा सुखे नांदो. न आले तर लोकांस फसविणारे कापड ठेवोन काय उपयोग? आणि रिवाजाप्रमाणे जामीन घ्यावा." महाराजांनी मान डोलाविली. आता जामिनाचा रिवाज काय, तर ज्याने पटाची तारीफ सर्वांत अधिक केली त्याने खेळाचे वेळी पडद्याखाली, पडद्याकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून बैसावे, म्हणजे ज्यांस त्याने भरीस घातले त्यांची तोंडे त्यास दिसावी. त्याने स्वतः हसो नये, डोळ्याने खूण करू नये, मागे वळोन पाहो नये. केले तर ती फितुरी, आणि पडदा गेला.

हुकूम घरी आला तेव्हां अंतोबांचे तोंडचे पाणी पळाले. ते तसेच उठोन रखमाजीकडे गेले, की दोघे मिळोन जामीन बसू, तर रखमाजी कांबळे पांघरोन खोकत बैसले होते आणि म्हणाले, "पंत, बरगडीत कळ आहे. आणि खरे पुसाल तर त्या दिवशी मी थोडे वाढवोन बोललो." मग शास्त्रीबोवांकडे गेले, तर ते म्हणाले, "मी बकरीविषयी बोललो, कपाटाविषयी माझे मत तटस्थ आहे." आणि कारंज्यापाशी जे जे लोक पाचांवर सहावी चांदणी मागत होते ते ते अंतोबांस पाहोन चपला शोधू लागले. अंतोबांस राग आला, आणि रागाहून भय अधिक वाटले, कारण आता तो पडदा एकट्या त्यांचे तोंडाच्या बोलण्यावर टांगलेला होता.

घरी त्यांची स्त्री सगुणाबाई, करारी आणि कामसू, तिने धाकट्या पडद्याचे तोंड कधी पाहिले नव्हते. ती म्हणाली, "अहो, ताटातलं गार होतंय. कुठे लक्ष आहे?" अंतोबा बोलिले, "सगुणे, तू तरी ऐक. ऐकोन सांग, हसू येते का." मग त्यांनी कपाट कैसे अडले ते सांगितले, आणि बकरी सांगितली, स्वतः मान वाकडी करून बकरीसारखे पाहोनही दाखविले. सगुणाबाई आमटीची पळी हाती धरून थांबली आणि म्हणाली, "मग?" अंतोबा म्हणाले, "मग ती जाते." ती म्हणाली, "एवढंच? कापडावरचं कपाट बघायला गावभर हिंडता, आणि घरातल्या कपाटाचं दार लागत नाही ते कोण बघणार?" आणि सांगता सांगता अंतोबांचे अंतोबांसच त्यात हसण्यासारखे काही दिसेना. बकरी येते आणि जाते, यात आहे काय? आपण इतके दिवस कशास हसलो? त्या दिवसापासोन त्यांस अन्न गोड लागेना. हुजूरचे विड्यात कात घालावयाचे ते बडीशेप दोनदा घालू लागले, आणि चालता बोलता मनात एकच की, जर ते मुळीच हसण्याजोगे नसेल तर?

नेमिले दिवशी तिसरे प्रहरी पीलखान्याच्या खिडक्यांस जाड पडदे लाविले आणि दरबार भरला. मध्ये महाराज, उजवीकडे येसाजीराव, मागे मानकरी, रखमाजी आणि शास्त्रीबोवा सर्वांत मागे खांबाआड, आणि वर सज्ज्यात बायकांची जागा, तेथे सगुणाबाई येवोन बैसली होती, कारण पट कसाही असो, आपले माणसाचे काय होते ते पाहिल्यावाचून तिला घरी स्वस्थ बसवेना. अंतोबांस पडद्याखाली तिवईवर बैसविले. यंत्र सुरू जाहले, पडद्याचा उजेड समोरचे तोंडांवर पडला, आणि अंतोबांनी आयुष्यात प्रथमच पट न पाहता पट पाहणारे पाहिले. पट त्यांस कानांनीच कळत होता. चाके करकरली म्हणजे कपाट गल्लीत आले. ठक जाहले म्हणजे दारास अडले. पुन्हा ठक, म्हणजे आडवे करून पाहिले. येथे अंतोबा दरवेळी हसत. समोर कोणी हसेना.

आणि हसणार तरी कैसे? त्या दरबारात हुजूर हसल्यावाचून दुसऱ्याने हसणे बेअदबी, म्हणोन सर्व मानकरी हुजूरचे तोंडाकडे पाहत होते, आणि त्यात एकाने तर मिशी दातात धरिली होती. आणि हुजूर हसेनात, त्याचे कारण ऐसे की महाराजांनी पटाची तारीफ इतकी ऐकिली होती की आपण भलत्याच जागी हसलो तर लोक काय म्हणतील या धाकाने ते खऱ्या जागेची वाट पाहत ताठ बैसले होते, आणि कपाळी घाम आला होता. अंतोबांस हे काय ठाऊक! त्यांस इतकेच दिसे की महाराजांची भिवई वर गेली ती खाली येत नाही, आणि येसाजीराव मान वर करून कापडाची रुंदी डोळ्यांनी मोजीत आहेत. तिवई अंतोबांचे खाली कुरकुरू लागली. पट पुढे सरके, आणि हसण्याची एकेक जागा रिती जाई, आणि पडदा उंचावरून आपल्या अंगावर पडतो ऐसे त्यांस वाटो लागले.

इतक्यात मागे घंटी वाजली. बकरी आली. घंटी थांबली, म्हणजे बकरी कपाटाकडे पाहो लागली. सारा पीलखाना निःशब्द, आणि महाराज दगडासारखे, आणि मानकरी दगडासारखे, आणि अंतोबा मनात म्हणाले, गेले, सर्व गेले. मग घंटी एकदा किणकिणली, म्हणजे बकरीने मान वळविली आणि त्या गृहस्थाकडे पाहिले, आणि त्याच क्षणी सज्ज्यातून मोठा आवाज जाहला. सगुणाबाई हसली. गालात हसली ऐसे नव्हे, ती खोखो हसली, पदर तोंडात कोंबला तरी आवरेना, शेजारणीच्या खांद्यावर डोके टेकिले, आणि डोळे मात्र पडद्यावरून काढीना. हुजूर हसण्याआधी हसली! अंतोबांनी वर पाहिले. लग्न होवोन इतकी वर्षे जाहली, परंतु ऐसे तोंड त्यांनी तिचे पाहिले नव्हते. त्या तोंडावर ते कपाट होते, ती बकरी होती, सर्व जसेच्या तसे होते. म्हणजे ते खरेच होते! आणि आनंद खालून वर आला आणि भय वरून खाली आले आणि दोहोंची गाठ अंतोबांचे तोंडावर पडली. हसावे तर फितुरी, म्हणोन ओठ मिटले, तर गाल फुगले, गाल आवरिले, तर मिशा थरथरल्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहो लागले, आणि नाकातून बारीक शिटीसारखा आवाज निघो लागला, परंतु गडी हसला नाही.

तो महाराजांची नजर अंतोबांवर पडली. महाराजांनी एकदा बकरीकडे पाहिले, एकदा अंतोबांकडे पाहिले, आणि पोट धरोन ऐसे हसले की मुकुट कलला. मग काय, सर्व दरबार फुटला. ज्याने मिशी धरिली होती त्याने सोडिली, रखमाजी खांबाआडून ओरडले, "मी म्हणालो नव्हतो, बरगड्या जातात!" आणि शास्त्रीबोवांची तटस्थता तेथेच सरली. येसाजीराव मात्र उठोन म्हणाले, "महाराज, आपण पटास हसला नाहीत. जामिनाचे तोंडास हसलात. आणि ती बाई आधी हसली, तिचे काय?" महाराज डोळे पुसत म्हणाले, "दिवाणजी, रिवाजात हसावे इतकेच आहे, कशास ते लिहिलेले नाही. आणि बाईने आमची सोडवणूक केली. आम्ही मघापासून जागा शोधीत होतो. पडदा राहील." अंतोबा तिवईवरून उतरोन लोटांगण घालणार, तो महाराज पुढे म्हणाले, "परंतु या पटाची खरी मौज आम्हांस कळली. ती अशी की हळब्यांनी समोर बसावे. आजपासोन दर खेळास यांनी येथेच, ऐसेच बसावे, हा हुकूम."

दरबार वाहवा म्हणाला. अंतोबांनी हात जोडिले आणि "आज्ञा" म्हणाले, आणि घरी येईतोपर्यंत त्यांस पुरते उमगले नाही. जेवावयास बसल्यावर उमगले. पडदा वाचला, आणि ती बकरी त्यांस पुन्हा कधी दिसणार नाही.

तेव्हांपासोन पीलखाना भरोन जाऊ लागला, आणि कारंज्यापाशी लोक सांगू लागले की हा पट पाहावा तर हळब्यांचे तोंडासाठी पाहावा, सहा चांदण्या, आणि कित्येक जण तर पडद्याकडे बघतही नाहीत. अंतोबांस हे ऐकोन वाईट वाटे, फार वाईट वाटे, परंतु बोलणार कोणास? आपल्याच बोलण्याने हे सर्व जाहले. सगुणाबाई मात्र दर खेळास येते. घरातल्या कपाटाचे दार अद्याप लागत नाही, तरी येते, आणि मधोमध बैसते, जेथून अंतोबांस नीट दिसेल. घंटी वाजली की अंतोबा तिजकडे पाहतात, आणि ती पडद्याकडे पाहते, आणि हसते. परतताना वाटेत अंतोबा एकच पुसतात, "सगुणे, ती अजून तशीच बघते?" ती म्हणते, "तशीच बघते हो. आधी कपाटाकडे, मग त्याच्याकडे." मग दोघे घराकडे चालतात, आणि पीलखान्याचे वळण गेले की अंतोबांस हसू येते.

सारांश, पडदा राहिला, दिवाणजींचा डेरा बिनअस्तराचा राहिला, पटास चांदण्या मिळाल्या, आणि ज्याने पहिल्या पाच दिधल्या तो पाठमोरा राहिला. जाहले वर्तमान ऐसे. वाचणारांनी गोड मानोन घ्यावे, आणि जेथे हसू येईल तेथे कोणाची वाट न पाहता हसावे.