मास्तरांचा ऑइल फिल्टर

"अहो, भाऊजींना बोलवा की. चार पावलांवर तर गॅरेज आहे," बायको दारातून म्हणाली.

"त्याच्या पाया पडायला मी जाणार नाही," गाडीखालून आवाज आला.

गाडीखाली मास्तर होते. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. कोपऱ्यावरचं गॅरेज त्यांच्या धाकट्या भावाचं. सहा वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात, चार पाहुण्यांदेखत मास्तर त्याला म्हणाले होते, "शिकला असतास तर लोकांच्या गाड्यांखाली लोळावं लागलं नसतं." तेव्हापासून बोलणं बंद. उद्या सकाळी बायकोला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायचं होतं आणि त्याआधी इंजिनातलं तेल आणि फिल्टर आपल्या हातांनी बदलायचा मास्तरांनी हट्ट धरला होता.

तेल निमूटपणे घमेल्यात उतरलं. फिल्टर मात्र हलेना. तो काढायचा पाना मास्तरांकडे नव्हता, डोकं होतं. त्यांनी कमरेचा पट्टा सोडून फिल्टरला आवळला आणि जीव खाऊन ओढला. पट्टा तुटला. मग त्यांनी स्वयंपाकघरातून बत्ता आणला आणि त्याने फिल्टरमध्ये स्क्रूड्रायव्हर आरपार ठोकला.

"आता ही झाली तरफ," त्यांनी स्वतःलाच शिकवलं आणि सगळा भार तिच्यावर टाकला.

तरफेचा नियम खरा ठरला, पण पत्र्याला तो मान्य नव्हता. फिल्टर टरकन फाटला. आतलं काळं तेल मास्तरांच्या केसांत, मिशांत, नाकात गेलं. फिल्टरचं बूड मात्र इंजिनाला चिकटलेलंच.

"काय झालं हो?"

"काही नाही. निम्मं काम झालं."

बायको चपला पायात सरकवून निघून गेली.

मास्तर एका हाताने घसरती पँट सावरत बाहेर आले, तर समोर धाकटा उभा. त्याला आणून बायको थेट आत गेली. हातात छिन्नी, हातोडी आणि नवा फिल्टर. तो मुकाट्याने गाडीखाली शिरला. ठक, ठक. दोन ठोक्यांत बूड सुटलं. नवा फिल्टर बसला, नवं तेल पडलं, इंजिन सुरू झालं. मास्तरांनी दोनदा घसा खाकरला.

निघताना धाकटाच थांबला. सहा वर्षांनी पहिल्यांदा त्याने भावाच्या डोळ्यांत पाहिलं.

"दादा, खालून बघताना फिरवायची बाजू चुकते. तू तो काढत नव्हतास, आवळत होतास."

आणि तो गेला. मास्तर ओट्यावर बसून राहिले. आतून बायको लगबगीने आली.

"बोलला ना? अहो, काय म्हणाला?"

"तब्येतीची चौकशी केली."

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, उत्तम आहे," मास्तर म्हणाले आणि मिशीवरून ओघळणारं तेल त्यांनी बाहीने पुसलं.