चंद्रीनं पान्हा चोरला

मेलेल्या माणसाची वाट म्हशीनं किती दिवस बघायची? मी सगळ्यांना विचारलं. कुणी सांगितलं नाही. तुम्ही तर पोरंच, तुम्हाला काय विचारायचं? गप बसा नि गोष्ट ऐका.

एका जंगलात चंद्री नावाची म्हैस होती. तिची धार भागू माकडीण काढायची. भागू तापानं गेली. मग तिचा धाकटा भाऊ गेंदा चरवी घेऊन बसला. चंद्रीनं त्याला हुंगलं आणि पान्हा चोरला. दूध होतं, पण सोडेचना.

वाघमहाराजांना जेवणात बासुंदी लागायची. ते म्हणाले, "संध्याकाळी बासुंदी नसली, तर म्हैसच वाढा."

लगेच तज्ज्ञ जमले.

कोल्हा म्हणाला, "चारा निकृष्ट आहे." चंद्रीला सरकी घातली. तिनं खाल्ली.

बगळा म्हणाला, "उष्मा फार." तिला डुंबायला नेलं. ती डुंबली.

गाढव म्हणालं, "संगीतानं दूध वाढतं," आणि गायला लागलं. चंद्रीनं लाथ घातली.

दूध काही आलं नाही.

गेंदा ओरडला, "अहो, तिला माझी आक्का हवीय!"

कोल्हा म्हणाला, "बाळा, दूध वाढतं ते चाऱ्यानं, पाण्यानं, हवेनं. त्यात आक्का येत नाही."

गेंदा तडक घरी गेला. आक्काचं लुगडं कसंबसं गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि निघाला. फांद्यांवरची माकडं खिदळली, "अगंबाई, नवरी आली!"

बगळा आडवा आला. "थांब! केवढं मळलंय ते! आधी धुऊन आण."

गेंद्यानं त्याला चरवी फेकून मारली. मग तीच चरवी उचलून चंद्रीपाशी बसला.

चंद्रीनं पदर हुंगला. पुन्हा हुंगला. डोळे मिटले आणि पान्हा सोडला. चरवीत फेस चढला. धार काढताना रडू नये, म्हैस बिथरते, असं आक्का सांगायची. गेंद्यानं ओठ घट्ट दाबून धरले.

संध्याकाळी मिशीवरची बासुंदी चाटत महाराज म्हणाले, "तज्ज्ञांनी कमाल केली!" कोल्ह्याला शाल मिळाली. गाढवालासुद्धा मिळाली.

गेंद्यानं लुगडं न धुता गोठ्यातल्या खुंटीला टांगलं. आक्कासाठी त्याला आता एवढंच करता येत होतं.

तात्पर्य: दूधधंद्यात स्वच्छता फार महत्त्वाची. ज्यांच्या घरचं कुणी गेलेलं नाही, त्यांनी कपडे जरूर धुवावेत.