दहा लाख एक मुंग्या

मुलांनो, शंभराच्या पुढच्या आकड्याने भागायचं नाही, असा एका जंगलातल्या मुंग्यांचा नियम होता. का, ते विचारायचं नाही, हा त्याच्या पुढचा नियम.

या मुंग्या दर चैत्रात नव्या वारुळात राहायला जात. राणीची शिस्त कडक. मुंग्या दरवर्षी बरोबर दहा लाख एक भरत.

जायचं ते सारख्या रांगांनी. एक रांग लांब, एक आखूड झाली तर नवं वारूळ लाभत नाही, असं म्हणत. म्हणून पूर्वजांनी दोनापासून शंभरापर्यंत प्रत्येक आकड्याने भागून पाहिलं होतं. दर वेळी काहीतरी उरलंच. शंभराने भागलं तर एकच उरे. मग तेच ठरलं. शंभर रांगा, रांगेत दहा हजार मुंग्या आणि एक बाकी.

त्या एकीला हळदकुंकू लावत. ओवाळत. 'शेषाबाई' म्हणून नमस्कार करत. आणि जुन्या वारुळात एकटीला ठेवून निघून जात. तिसऱ्या दिवशी तिथे खवले मांजर येई. पुढचं कोणी बोलत नसे.

यंदा हा मान रेवडीला मिळाला. वारुळात सगळ्यांत जास्त प्रश्न तीच विचारायची.

"भाग्यवान आहेस गं," गूळआजी ताम्हन घेऊन आली. "माझी केवढी इच्छा होती! पण मेलं माझं नावच कधी निघालं नाही."

"नाव कोण काढतं, आजी?"

"मीच काढते."

रेवडीने मुकाट्याने ओवाळून घेतलं. मग मातीकडे बोट केलं. तिथे तिने सकाळपासून एक भागाकार मांडला होता.

"एकशे एकने कधी कोणी भागून पाहिलं का?"

रांगांचा हिशेब ठेवणाऱ्या काकवीआत्याच्या मिशा ताठ झाल्या. "शंभरापर्यंत केलं ते काय कमी झालं? आमच्या वेळी एवढंही कोणी बघत नसे."

"एकशे एक रांगा. रांगेत नऊ हजार नऊशे एक. बाकी शून्य."

आत्याने भागाकार तपासला. दोनदा तपासला. मग पायाने पुसून टाकला.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "पण आता ओवाळून झालंय."

"आणि आधीच्या साठजणींना काय वाटेल?" गूळआजी म्हणाली.

"त्यांना खवले मांजराने खाल्लंय, आजी."

"तेच म्हणते मी. त्यांनी विचारलं का काही?"

रेवडीने कपाळावरचं कुंकू पुसलं.

"मी राहणार नाही. कोणीतरी राहायलाच हवं असेल, तर मान आधी मोठ्यांचा. आजी, तुझी केवढी इच्छा होती ना?" तिने आजीच्या हातातलं ताम्हन घेतलं. "ओवाळू?"

आजीने आत्याकडे पाहिलं. आत्याने पुसलेल्या मातीकडे. मग आत्या तोच भागाकार पुन्हा मांडू लागली.

तात्पर्य : मुलांनो, मोठ्यांचा भागाकार कधी तपासू नये. बाकी शून्य आली की ओवाळायला कोणी उरत नाही, आणि मग परंपरेचं कसं व्हायचं?