उणे ऐंशी पौंडांचा नवरा

चाकांवरचं घर असलेला ट्रेलर निवडायचं काम अर्लीनने स्वतःकडे घेतलं होतं, आणि त्यात डेल्मारला मत द्यायला जागा ठेवली नव्हती. उन्हाळाभर दर शनिवारी ती विक्रेत्यांच्या आवारात जाऊन ट्रेलरच्या भिंती टकटकवून बघत होती, खण ओढून सांधे तपासत होती, जमिनीवर पाठ टेकून तळाचं लोखंड पाहत होती. हलके ट्रेलर खेळण्यातल्यासारखे निघत, आणि मजबूत असत ते त्यांच्या पिकअपला झेपत नसत. शेवटी एक सापडला. हलका, तरी खण कुरकुरत नव्हते. हा मागे अडकवायचा नव्हता. पिकअपच्या हौद्यातच नाक टेकवून चालणारा होता. असा ट्रेलर वळणावर शहाण्यासारखा वागतो, पण आपला बराच भार पिकअपच्या पाठीवर टाकतो.

"संध्याकाळपर्यंत कळवा," विक्रेता म्हणाला होता. "दुसरं गिऱ्हाईक आहे."

डेल्मारने जन्मभर शाळेची बस चालवली होती आणि नेब्रास्काचा बर्फ जन्मभर उपसला होता. हा हिवाळा टेक्सासच्या किनाऱ्यावर, असं त्याने सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

अर्लीनने नाश्त्याच्या टेबलावरच हिशेब मांडला. दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत फॅट तपासण्यात तिची सारी नोकरी सरली होती. 'साधारण' हा शब्द ती फक्त हवामानाबद्दल वापरत असे.

"पिकअप किती ओझं पेलते ते दारावरच्या चिठ्ठीत छापलंय. त्यातून ट्रेलरचा भार वजा, अवजारांची पेटी वजा, मी वजा, तू वजा. काही उरलं तर ट्रेलर घ्यायचा. तुझं वजन सांग."

"एकशे पंचाण्णव पौंड."

"कशावरून?"

डेल्मारने खिशातून वजन छापलेलं ड्रायव्हिंग लायसन्स काढून तिच्या बशीशेजारी ठेवलं.

"हा आकडा तू लिहून दिलास तेव्हा आपलं लग्न व्हायचं होतं," अर्लीन म्हणाली.

"दर खेपेला तोच छापून देतात. सरकारला चालतो, तुलाच तेवढा चालत नाही!"

खरी गोष्ट अशी होती की तेव्हापासून आजपर्यंत डेल्मारच्या शर्टाखाली बियाण्याचं एक भरलेलं पन्नास पौंडी पोतं, वर थोडं अधिक, येऊन राहिलं होतं. परवाच डॉक्टरने त्याला आकडा सांगितला होता. तो अर्लीनला कळला की हिशेब बिघडणार, ट्रेलर दुसऱ्याकडे जाणार, आणि आपल्या हातात पुन्हा फावडं येणार, हे त्याला स्पष्ट दिसत होतं.

"बरं," अर्लीन उठली. "धान्याच्या गोदामातल्या वजनकाट्यावर जाऊ. आधी दोघांसकट वजन करू, मग तू उतर. म्हणजे नुसत्या पिकअपचं किती आणि तुझं किती, ते वेगळं कळेल. बेत जमला नाही तर अवजारं काढून ठेवता येतात. नवरा काढून ठेवता येत नाही."

वाटेत ती पिकअपची टाकी भरत होती तेवढ्यात डेल्मारने व्हर्जिलला फोन लावला. व्हर्जिल त्याचा शाळेपासूनचा मित्र, आणि मक्याचा ट्रक घेऊन तो गोदामावरच उभा होता.

"हे बघ, मी उतरलो की तू आमच्या मागच्या बंपरवर पाय ठेव. अर्लीनला दिसू नकोस. एका पोत्याएवढा भार दे, बास."

"कशाला रे?"

"विचारू नकोस. माझा हिवाळा त्यावर आहे."

"अरे, तुझ्यासाठी पाय काय, अख्खा येतो!"

हे वाक्य डेल्मारने नीट ऐकायला हवं होतं.

मक्याची काढणी ऐन भरात होती. सहकारी गोदामासमोर ट्रकांची रांग लागली होती, आणि काट्यावरची जोलीन प्रत्येक खेपेचं वजन व त्यातून वजा धरायचा दाण्यांचा ओलावा भोंग्यावरून पुकारत होती. पिकअप काट्याच्या लोखंडी पत्र्यावर चढली, वरच्या फलकावर लाल आकडे उमटले आणि खिडकीतली जोलीन भोंग्यावरून म्हणाली, "घेतलं. आता उतरा, डेल्मार."

डेल्मार उतरला, पत्र्यावरून बाजूला झाला आणि खिशात हात घालून आकाशाकडे बघू लागला. व्हर्जिल वाकून पिकअपच्या मागे आला आणि दोन्ही पाय बंपरवर ठेवून उकिडवा बसला. तो डेल्मारपेक्षाही दांडगा होता. मालक गाडीवर चढला म्हणजे फिरायला निघालो, असं समजून त्याच्या कुत्र्यानेही हौद्यात उडी मारली.

फलकावरचे आकडे बदलले.

"अर्लीन," जोलीन म्हणाली, "नवरा उतरल्यावर तुमची गाडी ऐंशी पौंडांनी वाढलीय."

रांगेतल्या ट्रकांच्या काचा एकेक करून खाली आल्या.

"म्हणजे त्याचं वजन उणे ऐंशी," अर्लीन स्टिअरिंगवर बोट टेकवून म्हणाली. "मग जाताना आणखी दोन डेल्मार घेऊ. ट्रेलर तरंगेल."

"काटा बिघडलाय!" डेल्मार ओरडला.

"माझ्या काट्याला नावं ठेवायची नाहीत हं!" भोंगा कडाडला.

"परत घेऊ," अर्लीन म्हणाली.

डेल्मारने मागे धावत जाऊन कुत्र्याला हाकललं आणि व्हर्जिलच्या कानाशी पुटपुटला, "अरे लेका, पोतं म्हणालो होतो, गोदाम नाही! उतर खाली!" व्हर्जिल आज्ञाधारकपणे खाली उतरला आणि तिथेच, पत्र्यावर, पिकअपच्या आडोशाला अंग चोरून उभा राहिला. गाडीला हातसुद्धा लावायचा नाही, एवढी काळजी त्याने घेतली. डेल्मार पुन्हा पत्र्यावरून बाजूला झाला.

"फरक शून्य," जोलीन म्हणाली. "डेल्मार, तुम्ही आहात ना नक्की?"

रांगेतून हॉर्न वाजू लागले. अर्लीन खाली उतरली, चालत मागे गेली आणि व्हर्जिलसमोर उभी राहिली.

"नमस्कार, व्हर्जिल."

"माझा काही दोष नाही बाई. डेल म्हणाला, तो उतरला की बंपरवर एका पोत्याएवढा भार दे."

अर्लीनने डेल्मारकडे पाहिलं. डेल्मारने आपल्या बुटांकडे पाहिलं.

"ट्रेलर जाईल म्हणून..." तो म्हणाला.

"कशाने जाईल? मी पहिल्यापासून तुला दोनशे साठ धरलंय. तरीही बसतंय. इथे फक्त खात्री करायला आलो." तिने फोन काढून विक्रेत्याला लावला. "आम्ही ट्रेलर घेतोय. हो, नक्की."

डेल्मारला आनंद व्हायला हवा होता. पण त्याचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"दोनशे साठ? मला? तू मला दोनशे साठ समजतेस?"

"जास्तीचं धरलेलं बरं."

"हलव ती गाडी! व्हर्जिल, बाजूला हो! जोलीन, माझं वजन घे. एकट्याचं!"

पिकअप बाजूला झाली. एवढ्या मोठ्या पत्र्याच्या मधोमध डेल्मार एकटाच उभा राहिला, छाती काढून, हात अंगाला चिकटवून. फलकावर लाल आकडा स्थिरावला: दोनशे साठ.

"खोटं!" डेल्मारने दोन्ही हात वर केले. "हा वीस-वीसच्या टप्प्याने दाखवतो! साठ नाही! डॉक्टरने मोजलंय, दोनशे एक्कावन्न! ऐकलंत का सगळ्यांनी? दोनशे एक्कावन्न!"

जोलीनने पेन उचललं.

"दोनशे एक्कावन्न," मक्याच्या प्रत्येक खेपेला लावते त्याच सुरात जोलीनने भोंग्यावरून सांगितलं. "आणि ओलावा किती धरू?"