अलीकडं, पलीकडं आणि मधली ढोलकी

रविवारी सकाळी बुद्धप्रियनं स्वतःहून चहा केला, कप पारमिताच्या हातात दिला आणि वर "साखर पुरे झाली काय बघ गं," असंही विचारलं, तेव्हा तिनं चहा आधी हुंगून पाहिला. आज नवरा आपल्याशी बोलणार नाही, असं धरूनच ती उठली होती. बेळगावच्या एका दैनिकाच्या पुरवणीत आज तिचा लेख यायचा होता, आणि त्यात तिनं नवऱ्याच्या अल्बमची बिनपाण्यानं केली होती.

पारमिता निपाणीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची आणि पुरवणीत गाण्यांवर लिहायची. बुद्धप्रिय बँकेत कर्ज विभागात होता. तिचा धाकटा भाऊ दीपंकर बेळगावात, उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत इंजिनिअर. या मेहुण्या-मेहुण्यांचा मिळून 'बॉर्डर' नावाचा रॉक बँड होता. एका गाण्यासाठी दीपंकरनं ढोलकी आणली, बुद्धप्रिय म्हणाला, "रॉकमध्ये ढोलकी? उद्या तुणतुणं आणशील!" आणि तिथं बँड फुटला. बुद्धप्रियनं निपाणीत 'अलीकडं' नावाचा नवा बँड काढला, म्हणून दीपंकरनं बेळगावात 'पलीकडं' काढला. दोघांचे पहिले अल्बम पाठोपाठ आले. अल्बमांची नावंही तीच, बँडचीच.

संपादकांनी दोन्हींची तुलना मागितली. नातं आड येऊ नये म्हणून पारमितानं कुणा माणसाचं नावच घेतलं नाही, पण लिहिलं ते खरं लिहिलं. 'पलीकडं'च्या तिसऱ्या गाण्यातली ढोलकी ऐकताना पाय जागेवर राहत नाहीत. 'अलीकडं'चा गायक मात्र कर्जाच्या अटी वाचून दाखवल्यासारखा गातो.

"काय लिहिलंयस गं!" बुद्धप्रिय पेपर नाचवत म्हणाला. "'अलीकडं' ऐकताना पाय जागेवर राहत नाहीत! गाढवांनी गावं तेवढी उलटी छापलीत बघ. आम्हाला बेळगावला नेऊन बसवलंय. असू दे, चालतंय."

पारमितानं पेपर ओढून घेतला. उलटली होती ती गावं नव्हेत. नावं उलटली होती, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. कप तसाच ठेवून ती गच्चीवर गेली आणि तिनं उपसंपादक नागेंद्रला फोन लावला.

"मॅडम, तुमचंच चुकलतं, मी दुरुस्त केलं," नागेंद्र अभिमानानं म्हणाला. "बेळगावचा बँड पलीकडं कसा असंल? हितं बसलं की बेळगाव अलीकडं, निपाणी पलीकडं. सगळीकडं बदललंय. एक जागा सोडली न्हाई!"

ती खाली आली तेव्हा बुद्धप्रिय लेखाचा फोटो बँकेच्या ग्रुपवर टाकत होता.

"पण तुमच्या अल्बममध्ये ढोलकी कुठं आहे?" तिनं जपून विचारलं.

"उपमा गं ती! ड्रमला तू ढोलकी म्हणालीस. आणि त्या दीपूला काय हाणलंयस! कर्जाच्या अटी! वाचून रडला असेल बिचारा."

बिचाऱ्याचा फोन दुपारी आला. "आक्का, मी लोखंड वितळवतो. कर्ज कवा दिलं गं मी?"

तिनं सगळं सांगितलं. पलीकडून हसण्याचा असा गडगडाट झाला की तिनं फोन कानापासून लांब धरला.

"आता दाजीस्नी सांग की."

"तू सांग ना."

"मी न्हाई बाबा. संसार तुझा हाय."

संध्याकाळी सांगू, असं तिनं ठरवलं. पण संध्याकाळच्या आत संकेश्वराहून बुद्धप्रियला मारुतीरावांचा फोन आला. तिथल्या साखर कारखान्याच्या कामगार मेळाव्याचे ते प्रमुख.

"साहेब, तुमचा बँड पायजे. दुसरं काय न्हाई, ते ढोलकीचं गाणं तेवढं वाजवा. पेपरात वाचल्यापास्नं मानसं माझ्या मागं लागल्यात."

लेखाच्या धुंदीत बुद्धप्रिय हो म्हणून बसला. मग त्यानं बेस वाजवणाऱ्या गुंडूला कळवलं. गुंडू म्हणाला, "साहेब, सगळं खरं. पण आपल्यात ढोलकी कुठाय?"

"शिकायची. त्यात काय एवढं?"

दुसऱ्या दिवशी घरात ढोलकी आली. बँकेतून आला की बुद्धप्रिय मोबाइल समोर ठेवून ती बडवायचा. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या जयाबाई खाली आल्या आणि दारातूनच काळजीनं म्हणाल्या, "पोरी, मिक्सर बिघडलाय व्हय गं? बंद तरी कर."

मेळावा रविवारी होता. गुरुवारी बुद्धप्रियची बोटं सुजली आणि पारमिताला राहवलं नाही. नाश्त्याच्या ताटासमोर तिनं सगळं सांगून टाकलं: नागेंद्रची दुरुस्ती, ढोलकी कुणाची, पाय कुणाच्या गाण्यावर थिरकले ते.

बुद्धप्रियनं हातातला घास खाली ठेवला. "म्हणजे कर्जाच्या अटी... मी?"

तिनं चहाचा कप त्याच्याकडं सरकवला.

"बँकेत सगळ्यांना पेढे वाटले गं मी," तो हळूच म्हणाला. त्यानं बोटांवरच्या सुजेकडं पाहिलं, मोटारसायकलची किल्ली घेतली आणि निघून गेला. बँकेच्या वेळेला तिनं बँकेत फोन केला, तर साहेब रजेवर. दुपारपर्यंत फोन उचलेना. खरं लिहिण्याची एवढी काय खाज होती आपल्याला, असं तिला वाटायला लागलं. नवऱ्याच्या गाण्याला चार गोड शब्दांनी काय झालं असतं? आणि मग तिचं तिलाच वाटलं, नाही, ते गाणं खरंच वाईट होतं.

जेवणाच्या सुट्टीनंतर दीपंकरचा फोन आला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"आक्का, दाजी आल्यात. आमच्या फाउंड्रीच्या गेटवर हुभे हाईत."

"भांडतायत काय रे?"

"न्हाई गं. वाटेत हॉटेलात बसून आमचा आख्खा अल्बम ऐकला म्हणं, पैल्यांदाच. मला म्हणाले, 'दीपू, वाईट एवढंच की ढोलकी चांगली आहे.' आता मी काय म्हणायचं सांग?"

"तू काय म्हणालास?"

"म्हनलं, दाजी, आमचं तिसरं गाणं गाणारं पोरगं नोकरीला पुण्याला गेलंय. गळा तुमचा द्या, ढोलकी माझी घ्या. तर गेटवरच गायला लागले! वॉचमन बाहेर आला की गं!"

रविवारी संकेश्वरात मंडप गच्च भरला होता. मारुतीरावांना दोन बँड एकाच गाडीतून उतरलेले बघून घाम फुटला. "मानधन एकाचंच ठरलंय," ते पुटपुटले. दीपंकर म्हणाला, "आप्पा, जेवण तेवढं दोघांचं बघा."

तिसरं गाणं सुरू झालं. आधी नुसती गिटार, मग त्या गिटारच्या पाठीवर थाप मारावी तशी दीपंकरची ढोलकी आली. बुद्धप्रिय डोळे मिटून गात होता. पारमितानं त्याचा हा आवाज लग्नाआधी ऐकला होता, त्यानंतर नाही. आवाज एके ठिकाणी फाटला, आणि तो फाटला तसाच पुढं गेला, अजिबात सावरला नाही. मागच्या रांगेतले कामगार खुर्च्यांवर चढले. कन्नड बोलणारे, मराठी बोलणारे, सगळे एकाच आवाजात ओरडत होते. गाणं संपलं तसा "वन्स मोअर"चा असा गलका उठला की मारुतीराव स्वतःच स्टेजच्या कडेला हात वर करून उड्या मारायला लागले. दीपंकरनं दाजींकडं पाहिलं. दाजींनी शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "हाण!"

पारमिताच्या शेजारी नागुबाई नावाच्या एक आजी बसल्या होत्या. टाळ्या वाजवून वाजवून त्यांचे हात लाल झाले होते.

"बाई, त्यो गानारा कोन गं?"

"माझे मालक, आजी."

"आनि ढोलकीवाला?"

"माझा भाऊ."

नागुबाई खुर्ची ओढून अगदी जवळ आल्या. त्यांना पक्का निकाल हवा होता. "मग खरं सांग. दोघांत चांगला कोन?"

पारमितानं तोंड उघडलं. स्टेजवरून नवरा बघत होता, भाऊ बघत होता. ती उठली, तिनं पदर खोचला आणि नागुबाईंचा हात धरून त्यांना उभं केलं.

"आजी, ढोलकी लई मोठ्यानं वाजतीया," ती ओरडली, "मला कायसुदिक ऐकू आलं न्हाई!"

आणि दोघी नाचायला लागल्या.