डासांच्या विड्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. लेकरांनी जवळ सरकून बसावे, थोरांनी कान द्यावा. शके सोळाशे एकाहत्तर, शुक्लनाम संवत्सरी, भाद्रपदमासी एका राज्यात हिवताप फार माजला आणि घरोघर माणसे गोधड्यांखाली कुडकुडू लागली. मग राजवैद्य त्र्यंबकशास्त्री यांनी विनंती केली की, "डास कोणत्या वेळी, कोठून येऊन माणसावर बसतो हे कळले तर उपाय चालेल. त्यास माणसे पाहिजेत." महाराजांनी भर दरबारी तबकात विडे मांडिले. विडा उचलील त्याने कामगिरी करावी, माघारी ठेवील त्याची अब्रू गेली, ऐसा तेथील शिरस्ता. कामगिरी कोणती हे वैद्य सांगणार, तोच रायाजी पहिलवान पुढे झाले आणि विडा उचलते झाले. दरबाराने वाहवा केली. मग वैद्य बोलिले, "तिन्हीसांजेस पोटऱ्या उघड्या टाकून बसावे आणि डास बसताच, चावण्याआधी, काचेच्या नळीत धरावा. चुकला तर ताप यावयाचा." रायाजींचा चेहरा उतरला. गेल्या साली ते याच तापात मरता मरता वाचले होते. त्यांचे कुटुंब म्हाळसाबाई बायकांच्या बैठकीतून उठल्या आणि म्हणाल्या, "वाघबीग मारायचा म्हणून उचललात व्हय? आधी विचारायला काय झालं होतं?"

"आता ठेवता येत नाही गं," रायाजी हळूच म्हणाले.

महाराजही म्हणाले, "शिरस्ता तो शिरस्ता." वैद्यांनी हात जोडिले, "महाराज, काम कळण्याआधी उचलला तो विडा नव्हे, नुसते पान. आणि भीत बसलेल्याचा हात नळीवर स्थिर राहत नाही."

"डासास काय भ्यावयाचे? आम्हीच बसतो," ऐसे म्हणून महाराजांनी दुसरा विडा उचलिला, औषधाचा कडू काढा घेतला आणि सांजेस सदरेवर पाय उघडे टाकून बसले. एक डास कानाशी गुणगुणला, महाराज बसून राहिले. दुसरा अंगठ्यावर उतरला, आणि महाराजांचे पाय गादीवर गेले व विडा तबकात गेला. मग म्हाळसाबाई म्हणाल्या, "महाराजांनीबी ठेवला. गेली का हो कुणाची अब्रू?"

महाराज इतके हसले की पगडी कलली. रायाजींनी आपला विडा ठेविला, मुजरा केला आणि मोकळा श्वास घेतला. मग हुकूम जाहला की, आधी काम आणि धोका समजावून सांगावा, मग विडा पुढे करावा. ठेवील त्यास कोणी हसू नये. बसेल त्याच्या औषधपाण्याचा भार सरकारावर. ठेवता येतो म्हटल्यावर उचलणारे इतके आले की तबक अपुरे पडले. त्यांनी माग काढिला तो डास निघाले महाराजांच्याच बंद कारंज्यातून. कारंजे उपसले आणि ताप ओसरला.

सारांश, त्या राज्यात विडा उचलण्यास मान आणि ठेवण्यासही मान. रायाजी नातवंडे खेळवीत म्हातारे जाहले, आणि कोणाच्या घरी यजमानाने पानाचे तबक पुढे केले तरी म्हाळसाबाई आधी विचारीत, "काम काय ते सांगा." इतके वर्तमान.