'कंदील मोठा कर', आईचं नाव मालन

'कंदील मोठा कर' हे गाणं गेल्या मंगळवारी आईचं नाव लावून घ्यायला आमच्या कार्यालयात स्वतः आलं.

गाण्यांच्या नावनोंदणीचं टेबल माझ्याकडे आहे. बापाचं नाव बदलायला गाणी नेहमीच येतात, रडतात, भांडतात. मी फारसं मनावर घेत नाही. पण हे गाणं आमच्या वडिलांचं आवडतं. रविवारी दाढी करताना ते रेडिओवर लागलं, की गालावरचा साबण वाळेपर्यंत वडील वस्तरा धरून ऐकत बसायचे. ते बाकावर येऊन बसलं आणि मला एकदम त्या साबणाचा वास आला. मी म्हटलं, "रांगेत या."

गाण्याला बाप दोन. गीतकार खानविलकर आणि संगीतकार मेस्त्री.

"आई कोण?" मी विचारलं.

"मालन गवंडी. ऑर्केस्ट्रात गायची. पहिल्याच प्रयोगात दुसऱ्या अंतऱ्याला विंगेत तिची तान्ही मुलगी रडायला लागली. आईनं शब्द सोडले आणि तिकडे बघून नुसतं हुं हुं केलं. मुलगी झोपली. लोकांनी तेवढंच पुन्हा मागितलं. तेव्हापासून मी असंच आहे."

"मग इतकी वर्षं काय केलंत?"

"चुकलंच. आई आता कुणाला ओळखेनाशी झालीय. घाई आहे, साहेब."

नियमाप्रमाणे दोन्ही बापांना बोलावलं. खानविलकर भडकले. "हुं हुं म्हणजे काय काव्य? तिथे माझ्या ओळी होत्या!"

"म्हणून दाखवा."

त्यांनी ओळ म्हणायला तोंड उघडलं, तर हुं हुं निघालं. मेस्त्री त्यांना सुरुवात करून द्यायला गेले, तर त्यांच्याही तोंडून हुं हुंच निघालं. दोघांनी हरकत मागे घेतली.

आता आईनं मूल ओळखायला हवं होतं, नियमच तसा आहे. मालनबाईंना त्यांची मुलगी रंजना हाताला धरून घेऊन आली आणि दोघी बाकावर बसल्या. ती विंगेतली तान्ही मुलगी हीच; आता तिचेही केस पिकलेत.

"ही बाई कोण?" मालनबाईंनी तिच्याकडे बोट दाखवून मला विचारलं.

"रोजचंच आहे," रंजना म्हणाली आणि खिडकीकडे बघू लागली.

गाणं समोर येऊन उभं राहिलं. मी विचारलं, "हे तुमचं का?"

"माझं कशाचं? मेस्त्रीमास्तरांचं हाय ते. मी आपली गायची नुसती."

मी पेन खाली ठेवलं. गाण्यानं वाद घातला नाही. ते पहिल्यापासून सुरू झालं आणि दुसऱ्या अंतऱ्याशी येऊन थांबलं.

मालनबाईंनी मान वळवली. रंजनाचं डोकं मांडीवर ओढून घेतलं आणि थोपटत हुं हुं करायला लागल्या. "नीज गं रंजे," मधेच म्हणाल्या. रंजना आधी हुंदके देऊन रडली, मग बाकावरच झोपली.

मी आईचं नाव लिहिलं. शिक्का तेवढा राहिला. आमचा शिक्का फार आवाज करतो.

"उद्या मारला तर चालेल?" मी हळूच विचारलं.

"चालेल," गाणं म्हणालं. "आता घाई नाही."